पेलच्या बाहेर, गावकुसाच्या बाहेर: आपल्या मुलांना इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवायचे?

एमपीएससीच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम ज्यांनी वाचलाय त्यांना ठाऊक आहे, की इंग्रजीच्या भागात व्याकरणाला लागूनच एक तुकडा असतो, वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ. स्टाफ सिलेक्शनच्या पेपरातही तो असतो. आपल्या कुठल्याही अभ्यासिकेत चक्कर मारा. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरंपोरी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून एका बाजूला 'बरी द हॅचेट' आणि दुसऱ्या बाजूला 'भांडण मिटवणे' असं उतरवत बसलेली दिसतील. हॅचेट म्हणजे काय? ते पुरायचं कशाला? पुरलं कुणी? विचारलं तर उत्तर येत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत ते विचारत नाहीत. हॅचेट म्हणजे कुऱ्हाड. अमेरिकेतले मूळनिवासी दोन टोळ्यांत तह झाला की शस्त्रं जमिनीत पुरत असत, त्या रिवाजावरून हा वाक्प्रचार आला. एवढं सांगितलं तर तो जन्मात विसरणार नाही. पण आपल्याकडे पाचशे वाक्प्रचारांची यादी असते, आणि परीक्षेला तीन महिने उरलेले असतात.

हेच पाठांतर करणाऱ्या पोराच्या शेजारच्या बाकावर असा एक उमेदवार बसलेला असतो, ज्याने हे शब्द पाठ केलेलेच नसतात. ते त्याने सहाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर ऐकलेले असतात. आई बाबांना म्हणाली, 'डोन्ट बीट अराउंड द बुश.' झालं. बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं, ते एम.ए.च्या वर्गात शिकताना फार अवघड वाटलं होतं. वस्तीत काम करायला लागल्यावर ते फार सोपं झालं. व्याकरण शाळेत मिळतं, वाक्प्रचार घरात मिळतो. आणि ज्याच्या घरात तो नाही, त्याच्या बोलण्यात व्याकरणाची एकही चूक नसली तरी तो 'बाहेरचा' आहे हे समोरच्याला अर्ध्या मिनिटात कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की इंग्रजी वाक्प्रचार आपल्या मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षापासून, वस्तीत, विहारात, अर्थासकट आणि इतिहासासकट शिकवले पाहिजेत. यावर आपल्याच कार्यकर्त्यांकडून दोन आक्षेप येतात. दोन्हींना उत्तर द्यायचं आहे.

पहिला आक्षेप असा, की वस्तीत नळाला पाणी नाही, शाळेत शिक्षक नाही, पोरं नववीत गळतायत, आणि तुम्ही मांजरं-कुत्री पावसात पाडताय. हा आक्षेप मी हसून उडवत नाही. ज्या मुलाला इंग्रजीत सरळ वाक्य वाचता येत नाही त्याच्यापुढे वाक्प्रचारांची यादी टाकणं हा अत्याचारच आहे. पण गळती का होते, याच्या कारणांत पैसा आणि बालमजुरीइतकंच एक कारण अपमान हे असतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. राखीव जागेतून इंग्रजी शाळेत गेलेली आमच्या वस्तीतली सातवीची एक मुलगी. परीक्षेत मार्क घसरले म्हणून बाई तिला म्हणाल्या, 'यू मस्ट पुल युअर सॉक्स अप.' ती खाली वाकली आणि तिने खरोखरच मोजे गुडघ्यापर्यंत वर ओढले. वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर ती वर्गात किती दिवस बोलली नाही हे तिच्या आईला विचारा. स्पेलिंग चुकलं तर लाल शाई लागते, तेवढ्यावर भागतं. वाक्प्रचार चुकला की माणूस हास्यास्पद होतो. दोन्हींची जखम सारखी नसते.

मोठ्यांचंही तेच. मुलाखत देऊन आलेला आमचा एक तरुण आठवडाभर फोन चार्ज करून उशाशी ठेवत होता, कारण त्याला सांगितलं होतं, 'वी विल गेट बॅक टू यू.' याचा अर्थ 'आता निघा' असा होतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप मातृभाषेचा. आधी मराठी नीट येऊ द्या, मराठी म्हणी शिकवा, परकी भाषा मागाहून. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावर रान पेटलं आणि जूनअखेर सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या सगळ्या गदारोळात मराठीची बाजू घेऊन तावातावाने बोलणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न विचारायचं धाडस फारसं कुणी केलं नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांतल्या आपल्या लोकांना पाचवीत एबीसीडी भेटली, आणि तोवर दुसऱ्यांची पोरं गोष्टींची पुस्तकं वाचत होती. इंग्रजी शिक्षणाचा पैसा वरच्या जातींच्या उच्चशिक्षणावर जातो आणि शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शाळा कोरड्या राहतात, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माऊली म्हणणारी कविता आहे. ज्यांना या भाषेने गुलाम केलं असं सांगितलं जातं, त्यांच्यातल्या सगळ्यांत दडपलेल्या बाईला ती आई वाटली. याचा विचार व्हायला हवा.

(याचं दुसरं टोकही आहे. चंद्रभान प्रसाद यांनी उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं होतं, मेकॉलेचा वाढदिवसही साजरा करतात. भावना कळते, पण आपण बौद्ध आहोत. एक देवी सोडून दुसरी बसवायची असेल तर १९५६ साली दीक्षाभूमीवर कशाला गेलो होतो? भाषेला शिकायचं असतं, ओवाळायचं नसतं.)

आणि मराठी म्हणी आपल्या, इंग्रजी परक्या, हे तरी कितपत खरं आहे? बाजारात मिळणारं वाक्प्रचारांचं कुठलंही गाइड उघडा. 'किक द बकेट' म्हणजे काय? 'राम म्हणणे', नाहीतर 'कैलासवासी होणे'. 'सेट द बॉल रोलिंग'? 'श्रीगणेशा करणे'. उगाच लांबचा रस्ता घेतला तर 'द्राविडी प्राणायाम'. आमच्या वर्गातल्या पोराच्या घरात माणूस गेला तर पत्रिकेवर 'कालकथित' छापतात, पुण्यानुमोदन असतं. त्याने बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ केल्यात, त्यातली दुसरी रामाबद्दल आणि तिसरी गणपतीबद्दल आहे. आता त्याने इंग्रजीतली बादली समजून घेण्यासाठी आधी रामाकडे जायचं आणि मग परत यायचं. एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या परक्या भाषेत! प्राणायाम कसा करतात हे ज्याच्या आज्याला बघूही दिलं नाही, त्याला 'द्राविडी प्राणायाम' हा सोपा मराठी अर्थ म्हणून देणं ही थट्टा आहे.

मी हे वगळा असं म्हणत नाही. परीक्षेत 'श्रीगणेशा करणे' येणारच आहे, मुलाला ते ठाऊक असलंच पाहिजे. आम्ही वहीत दोन्ही लिहितो. आधी साधा अर्थ 'सुरुवात करणे', खाली 'मराठीत काही लोक असं म्हणतात' म्हणून श्रीगणेशा. 'काही लोक' या दोन शब्दांत पुष्कळ काम होतं.

'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी' याला गाइडात 'इकडे आड तिकडे विहीर' दिलेलं असतं. जोडी चांगली आहे. पण ती शिकवताना वर्गात एका मुलीने विचारलं, की आजीला तर आडावरही पाणी भरू देत नव्हते आणि विहिरीवरही, मग ती कशी पडेल? त्या दिवशी वाक्प्रचार बाजूला राहिला आणि महाडचं चवदार तळं निघालं, १९२७ निघालं. तासाचा दीड तास झाला. मला विचाराल तर तो इंग्रजीचाच तास होता.

मराठीतल्या ज्या म्हणींमध्ये आपल्या जातींची नावं घालून आपल्याला घाण, अडाणी, चोर ठरवलंय, त्या मी इथे लिहीत नाही, तुम्ही त्या ऐकलेल्या आहेत. पण ज्यांच्यात जातीचं नाव नाही आणि तरी आपला इतिहास गाडलेला आहे अशाही आहेत, आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. 'होल्ड टू रॅन्सम' याचा मराठी अर्थ देतात 'वेठीस धरणे'. वेठ म्हणजे काय? बिनमोबदला सक्तीचं काम. गावकीत ते महारांकडून घेतलं जायचं. सरकारी माणूस आला की ओझं वाहा, सांगावा घेऊन धावत जा, रात्री गस्त घाला. या महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणलं. ज्यांना वेठीस धरलं जायचं ते आपण. आणि आज सफाई कामगारांनी संप केला की मथळा काय येतो? 'नागरिकांना वेठीस धरले.' ज्यांच्या बापजाद्यांनी वेठ वाहिली त्यांच्यावरच वेठीला धरल्याचा आरोप! भाषा कुणाच्या बाजूने झुकते हे मुलाला एका वाक्प्रचारात दाखवता येतं. त्यासाठी व्याख्यान लागत नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्या मोर्च्यांत अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात आणि सगळे टाळ्या पिटतात. त्या मोर्च्यात पुढे चालणाऱ्या, लाठ्या खाल्लेल्या बायांच्या हातात काय असतं? 'बांगड्या भरणे' म्हणजे भित्रेपणा, हे वहीत लिहून घेताना आमच्या मुली एकमेकींच्या मनगटांकडे बघतात.

आता इंग्रजीकडे. इंग्रजी वाक्प्रचार सोवळे आहेत असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. त्यांच्या पोटात त्यांच्या समाजाची सगळी उतरंड आहे, आणि तीच आपल्या कामाची आहे.

'सोल्ड डाऊन द रिव्हर' म्हणजे विश्वासघात होणे. गाइडात 'दगा देणे' एवढंच मिळेल. नदी कोणती? मिसिसिपी. विकलं कुणाला? काळ्या गुलामांना. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गुलामी राज्यांतल्या मालकाने माणूस नको झाला किंवा पैसा हवा झाला, की त्याला नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर विकायचं. तिथली मजुरी जिवावरची असायची आणि बायकापोरं मागे राहायची. या एका ओळीतून आम्ही सरळ 'गुलामगिरी'वर जातो. जोतीरावांनी १८७३ सालचं ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामी संपवली. पुण्यात बसलेल्या माळ्याला त्या नदीकाठचा माणूस आपला वाटला होता. सातवीच्या पोराला ही दोन टोकं जोडून दाखवली की तो पुढच्या वेळी स्वतःहून विचारतो, याच्यामागे कोण आहे?

'ब्लू ब्लड' म्हणजे खानदानी. हा स्पेनमधून आला. तिथले उमराव म्हणायचे की आमच्या रक्तात मूर नाहीत, ज्यू नाहीत, म्हणून आमच्या गोऱ्या कातडीखालून शिरा निळ्या दिसतात. उन्हात राबणाऱ्याच्या रापलेल्या हातावर त्या दिसणार कशा? म्हणजे शुद्ध रक्ताचा पुरावा काय, तर काम न करणं. हे ऐकून कुणाला आपल्याकडचं सोवळंओवळं आठवलं तर त्यात त्याचा दोष नाही. आमच्या वर्गात मात्र एकाने हात वर करून विचारलं, 'मॅडम, निळं रक्त म्हणजे जयभीमवाले ना?' त्याला आपला निळा आणि त्यांचा निळा यातला फरक समजावून सांगितला. तरी त्याचा अर्थ मला जास्त आवडतो.

आपल्या देशाने इंग्रजीला दिलेला शब्द बघा. 'पराया.' इंग्रजीत समाजातून वाळीत टाकलेला माणूस म्हणजे पराया. वर्गात पोरांना वाटलं हा हिंदीतला पराया, परका. तसा तो नाही. तो तमिळ 'परैयर' या जातीच्या नावावरून आला, आणि ते नाव 'परै' या चामड्याच्या वाद्यावरून. आपल्याकडच्या हलगीसारखं समजा. म्हणजे वाजवणाऱ्या माणसाच्या जातीचं नाव जगभर शिवी म्हणून गेलं. इंग्रजी वर्तमानपत्रं कुठल्याही बहिष्कृत देशाला 'पराया स्टेट' म्हणतात तेव्हा ते तमिळनाडूतल्या खऱ्या, जिवंत माणसांच्या जातीचं नाव वापरत असतात. मॅक्स वेबरने तर ज्यूंसाठी हाच शब्द समाजशास्त्रात आणून बसवला. आणि वरचं टोक? १८६० मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन लेखकाने बोस्टनच्या बड्या घराण्यांना न्यू इंग्लंडची ब्राह्मण जात म्हटलं. तेव्हापासून 'बोस्टन ब्राह्मिन' हा मानाचा शब्द झाला. वर ब्राह्मिन, खाली पराया. मसाले आणि मलमल गेली तशी उतरंडही जहाजात बसून गेली.

पण मला स्वतःला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो 'बियाँड द पेल'. अर्थ: सभ्यतेच्या पलीकडचं, खपवून न घेण्यासारखं. पेल म्हणजे लाकडी खुंट, खुंटांचं कुंपण. कुंपणाच्या आत कायदा, माणसं, रीतभात, बाहेर रानटी. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या भोवती इंग्रजांची सत्ता चालत असलेल्या मुलखाला 'द पेल'च म्हणत. हा वाक्प्रचार थेट तिथूनच निघाला का यावर कोशकारांत वाद आहे, पण कुंपणाबद्दल वाद नाही. हे सगळं मी फळ्यावर काढत होते. मधे गोल, गोलाच्या आत घरं, गोलाच्या बाहेर दोन-चार झोपड्या. मागच्या बाकावरून आवाज आला, 'हे तर गावकूस आहे.'

झालं, शिकवून झालं. 'बियाँड द पेल' म्हणजे गावकुसाबाहेर. आजवर कुठल्या गाइडात मी हा अर्थ पाहिलेला नाही. तिथे 'मर्यादेबाहेर', 'अशोभनीय' असलं काहीतरी असतं. गाइड लिहिणारा कुसाच्या आत राहत असल्यामुळे त्याला तो शब्द सुचत नाही. आत राहणाऱ्याला कुंपण म्हणजे मर्यादा वाटते, बाहेर राहणाऱ्याला तो स्वतःचा पत्ता असतो. आपली मुलं इंग्रजीत कच्ची म्हणून ओळखली जातात, आणि इथे त्यांनी असा अर्थ लावला जो कॉन्व्हेंटच्या मुलाला लावता आला नसता. त्याला कूस म्हणजे काय हे कुणी सांगितलेलंच नाही.

'पुल युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स' हा आजकाल प्रेरणादायी भाषणांत फार चालतो. स्वतःच्या हिमतीवर वर या, आरक्षण कशाला हवं, असा त्याचा सूर. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे वाक्य थट्टेसाठी वापरलं जायचं. आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला जमिनीवरून उचलता येतं का? येत नाही. अशक्य गोष्टीचं ते उदाहरण होतं. मग कधीतरी अशक्य गोष्ट हाच उपदेश झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच वाक्प्रचारावर बोट ठेवून विचारलं होतं, की ज्याच्या पायात बूटच नाहीत त्याने काय ओढायचं. आपल्याकडे तर बूट शिवणाऱ्याला बूट घालून पाटलाच्या दारावरून जायची सोय नव्हती. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणावर बोलणाऱ्याला तुमच्या पोराने हा इतिहास त्याच्याच इंग्रजीत सांगितला, तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आता कुणी म्हणेल की ही तर विचारधारा शिकवणं झालं, भाषा कुठे आहे? भाषा अशी आहे, की 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचं छोटं आत्मकथनपर लेखन आमच्या नववीच्या मुलांना दिलं तेव्हा दोघांनी विचारलं, 'बाबासाहेब अमेरिकेला जायला थांबले होते का?' आत पासपोर्ट कचेरीचा विषयच नाही. आत १९०१ सालचं मसूर स्टेशन आहे, तिथे उतरलेली लहान पोरं आहेत आणि त्यांना बसवून न्यायला तयार नसलेले गाडीवाले आहेत. स्वतःच्याच देशात आत येण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून व्हिसा. हे शीर्षकच एक अलंकार आहे. ज्या मुलाला शब्दाच्या पाठीमागचा अर्थ वाचायची सवय लागलेली नाही, त्याला बाबासाहेब मूळ इंग्रजीत वाचता येणार नाहीत. तो आयुष्यभर कुणीतरी सांगितलेले बाबासाहेब ऐकत राहील, आणि सांगणारे कसे कसे असतात हे आपण रोज बघतोय.

बाबासाहेबांना तरी ही सवय कुठे लागली? घरी. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला पाठ करून घेतल्या असं चरित्रकार लिहितात. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत, नेमका शब्द कोणता, ही मेहनत शाळेच्या बाहेर झाली. शाळेने काय दिलं? वेगळं बसायला गोणपाट आणि संस्कृत घ्यायला मज्जाव. आपल्या बहुतेक मुलांच्या घरात सुभेदार नाहीत. बाप गवंडीकामाला, आई चार घरी धुणंभांडी. तेव्हा विहाराला सुभेदार व्हावं लागेल.

कसं शिकवायचं, याबद्दल थोडं, कारण पुष्कळ जण विचारतात. यादीपासून सुरू करू नका. मुलांना मराठीत आधीच येत असलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांपासून सुरू करा. होय, येतात. 'हिमनगाचं टोक' हे आपल्या कुणाच्या आजीने पाहिलंय? 'लालफितीचा कारभार', 'पांढरा हत्ती', 'मगरीचे अश्रू', 'मैलाचा दगड' हे सगळे इंग्रजीतून मराठीत आलेले पाहुणे आहेत, आता घरचे झालेत. ते सापडले की मुलांची अर्धी भीती जाते. मग जिथे दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली तिथे या: आगीत तेल, राईचा पर्वत. मग त्यांचं वेगळं, ज्यात गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक वाक्प्रचाराचं आधी शब्दशः चित्र काढायला लावा, पिशवीतून मांजर बाहेर येताना, काकडी थंड बसलेली. खिदळू द्या. आपल्या वर्गात हसून झालं, की दुसऱ्याच्या वर्गात कुणी हसलं तरी टोचत नाही. मग विचारा, हे कोण कुणाला म्हणत असेल? मालक नोकराला, की नोकर मालकाला? आणि शेवटी, तुझी आजी हेच कसं म्हणेल? हा शेवटचा प्रश्न घरी पाठवायचा. आजीचं उत्तर वहीत येतं तेव्हा त्यात कधी कधी असा शब्द असतो जो कुठल्या कोशात नाही.

आठवड्याला चारपेक्षा जास्त नको. पाचवीच्या आधी तर मुळीच नको, त्या वयाला गोष्टी वाचून दाखवा. आणि मोठ्यांना एक सांगणं: वाक्प्रचार समजणं आणि ते बोलण्यात कोंबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्वेलने १९४६ मध्येच शिळ्या, छापील वाक्प्रचारांपासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि तो तर जन्माने इंग्रजी बोलणारा होता. दर दुसऱ्या वाक्यात 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' म्हणणाऱ्या आपल्या काही तरुण वक्त्यांनी हे मनावर घ्यावं. साधं, नेमकं इंग्रजी बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे. वाक्प्रचार समोरच्याचा कळावा, आपण तो खर्च करावाच असं नाही.

आमचा वर्ग रविवारी सकाळी वंदनेनंतर दीड तास असतो. सध्या बावीस मुलं येतात, त्यात चौदा मुली. इंग्रजी मोठ्याने, स्पष्ट वाचून दाखवू शकेल असं कुणी हवं आहे. मानधन नाही, चहा आहे. तुमच्या वस्तीत असा वर्ग सुरू करत असाल तर कळवा, वह्यांतली आजींची उत्तरं एकमेकांना पाठवू. गोष्टींची जुनी इंग्रजी पुस्तकं असतील तर तीही चालतील, पानं फाटलेली असली तरी. 'एक हजार उपयुक्त वाक्प्रचार' छापाची गाइडं मात्र कृपा करून देऊ नका. ती आमच्याकडे आधीच सात आहेत.

जय भीम.